विश्लेषण : जुन्या मोटारसायकलीची फ्रेम ताठ करण्याचे शास्त्र आणि त्यामागचे रेक्स मॅकँडलेस

अमरावती–अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर अंथरला गेला आणि गिनेसच्या नोंदवहीत वऱ्हाडाचे नाव लागले. असा सपाट रस्ता पुढ्यात आला की जुनी बुलेट किंवा जावा जपून ठेवलेल्या शौकिनाचा हात अॅक्सिलरेटरवर जरा जास्तच वळतो. इंजिन नुकतेच उघडून बांधलेले असते, पिस्टन नवा असतो, आवाजही छान असतो. मात्र वेग वाढताच, विशेषतः लांब वळणावर, गाडी आतल्या आत डुलू लागते. पुढचे चाक एक सांगते, मागचे दुसरेच ऐकते. गॅरेजमध्ये टायरची हवा तपासली जाते, कोनसेट आवळला जातो, शॉकअप बदलले जातात आणि तरीही डुलणे जात नाही. कारण अनेकदा दोष इंजिनात किंवा टायरमध्ये नसतो, तो फ्रेममध्ये असतो. हीच गोष्ट ८० वर्षांपूर्वी उत्तर आयर्लंडमधल्या एका स्वयंशिक्षित मेकॅनिकच्या लक्षात आली आणि त्यातून मोटारसायकलीच्या इतिहासातील सर्वात प्रसिद्ध फ्रेम जन्माला आली.

फ्रेम लवते म्हणजे नेमके काय होते?

अंगणात टाकलेली सुतळीची बाज डोळ्यांसमोर आणा. एका पायाखाली खड्डा असला की ती पिळवटते. तीन पाय जमिनीला, चौथा अधांतरी. बाजेची लाकडे मोडलेली नसतात, वाकलेलीही नसतात. चारही कोपऱ्यांतले जोड थोडे थोडे सरकतात आणि चौकट तिरकी होते. झोपणाऱ्याला त्याचा त्रास नाही. पण त्याच बाजेच्या दोन टोकांना एकेक चाक लावून तिला ताशी शंभर किलोमीटर वेगाने वळणावर नेले, तर ती चौकट किती सरळ राहते यावर जीव अवलंबून राहील.

मोटारसायकलीत पुढचे चाक फोर्कला, फोर्क हँडलच्या नळीला आणि ती नळी फ्रेमला जोडलेली असते. मागचे चाक चिमट्याला आणि चिमटा फ्रेमला. वळणावर दोन्ही टायर रस्त्याकडून बाजूचा जोर घेतात आणि तो जोर फ्रेमला पिळतो. फ्रेम पिळली की दोन्ही चाके एका पातळीत राहत नाहीत. पिळलेली फ्रेम पुन्हा सरळ होते, मग उलट दिशेला पिळते आणि अशी लय धरली की चालकाच्या हाती फारसे काही उरत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना ज्याची जुनी गाडी वळणाच्या मध्यात कमरेतून हलली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

जुन्या गाड्यांत हा प्रकार जास्त होता, कारण त्यांच्या फ्रेम सायकलच्या वंशातल्या होत्या. ओतीव लोखंडाच्या खोबण्यांत नळ्यांची टोके बसवायची आणि पितळेने झाळायची, ही पद्धत. इंजिनची ताकद वाढत गेली, वेग दुप्पट-तिप्पट झाला, पण सांगाड्याची कल्पना तीच राहिली. फ्रेम तुटली की नळी जाड करायची, एवढाच उपाय कारखान्यांना सुचत असे. त्यामुळे वजन वाढे आणि लवचिकता मात्र फारशी कमी होत नसे.

शाळा लवकर सोडलेला मुलगा

रेक्स मॅकँडलेस यांचा जन्म १९१५ चा, उत्तर आयर्लंडच्या डाउन परगण्यातील हिल्सबरो या गावचा. शालेय शिक्षण त्यांनी लवकर सोडले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती आणि तिची उणीव त्यांना जाणवल्याचेही दिसत नाही. धाकटे भाऊ क्रोमी यांनाही शर्यतीचे वेड होते. क्रोमी यांनी पुढे १९५१ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरची १२५ सीसी गटाची टीटी शर्यत जिंकली. रेक्स स्वतः ट्रायम्फ टायगर १०० या ५०० सीसीच्या जुळ्या सिलिंडरच्या गाडीवर आयर्लंडमधल्या शर्यती आणि चढाईच्या स्पर्धा मारत होते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर काही काळ त्यांनी बेलफास्टच्या शॉर्ट अँड हारलँड या विमान कारखान्यात काम केले. नंतर शर्यतीतला मित्र आर्टी बेल यांच्या भागीदारीत वाहनदुरुस्तीचा धंदा उभारला.

मॅकँडलेस यांचा खरा गुण निरीक्षणाचा. गाडी वेगात का डुलते, हा प्रश्न त्या काळी बहुतेकांनी नशिबावर सोडला होता. काही गाड्या वळणावर नीट चालतात, काही चालत नाहीत, असे मानून चालक मोकळे होत. मॅकँडलेस यांनी कारणे शोधायला सुरुवात केली. मागचे चाक खड्ड्यावरून उसळून हवेत गेले की त्या क्षणापुरता टायरचा रस्त्याशी संबंध संपतो, हे त्यांनी धरून ठेवले. म्हणजे मागचे चाक जमिनीवर टेकलेले ठेवायचे, तर त्याला मोकळेपणाने वर-खाली होता आले पाहिजे. आणि ते वर-खाली होताना डावी-उजवीकडे मात्र अजिबात झुकता कामा नये. पहिल्या गोष्टीसाठी चांगले सस्पेन्शन हवे, दुसरीसाठी ताठ फ्रेम. दोन्ही एकत्र असतील तरच उपयोग. आज हे शाळकरी ज्ञान वाटते. तेव्हा बहुतेक शर्यतीच्या गाड्यांना मागे सस्पेन्शन नव्हते, किंवा होते ते नावापुरते.

१९४४ च्या सुमारास त्यांनी स्वतःसाठी एक गाडी बांधली आणि तिला बेनियल हे नाव दिले. आयरिश भाषेतल्या जनावर या अर्थाच्या शब्दावरून ते घेतले होते. या गाडीत पुढून मागे जाणाऱ्या दोन नळ्यांचा पाळणा होता आणि मागे चिमटा. पुढे दोघा भावांनी जुन्या, सस्पेन्शन नसलेल्या गाड्यांना मागून कापून चिमटा बसवण्याचे साहित्य तयार करून विकायला सुरुवात केली. त्यातले शॉकअप सिट्रोएन मोटारीचे होते, उभे करून बसवलेले. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये एका गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीला बसवून काम भागवण्याची जी रीत आहे, ती बेलफास्टमध्येही होती, एवढेच.

नॉर्टनला बाहेरच्या माणसाची गरज का पडली?

बर्मिंगहॅमची नॉर्टन कंपनी १८९८ मध्ये जेम्स लॅन्सडाउन नॉर्टन यांनी सुरू केलेली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात टीटी शर्यत म्हणजे नॉर्टन, असे समीकरण झाले होते. ही शर्यत बंद मैदानात होत नाही. आइल ऑफ मॅनच्या डोंगराळ, सार्वजनिक रस्त्यांवर होते आणि एक फेरी सुमारे ६०.७ किलोमीटरची असते. अमरावतीहून निघून मूर्तिजापूर मागे टाकावे एवढी. १९५० च्या मुख्य शर्यतीत अशा सात फेऱ्या होत्या. दगडी भिंती, घरांचे कोपरे, पुलांवरचे उंचवटे हे सारे वाटेतच.

युद्धानंतर चित्र बदलले. १९४९ मध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद मालिका झाली आणि ५०० सीसी गटाचे विजेतेपद एजेएस कंपनीच्या लेस ग्रॅहॅम यांनी नेले. इटलीची गिलेरा चार सिलिंडरचे इंजिन घेऊन उतरली होती. नॉर्टनकडे मात्र तेच जुने एक सिलिंडरचे इंजिन होते. शर्यत विभागाचे प्रमुख जो क्रेग हे त्या इंजिनातून शेवटचा थेंब पिळून काढण्यात वाकबगार होते, पण एका सिलिंडरला मर्यादा असतातच. त्यात फ्रेमची रड. मागच्या चाकाजवळ उभ्या नळ्यांत स्प्रिंग बसवलेल्या या फ्रेमला चालक गमतीने बागेचे फाटक म्हणत, कारण बाजूने ती तशीच दिसे. ती जड होती आणि शर्यतीच्या ताणाखाली तिला तडे जात.

मॅकँडलेस यांनी नॉर्टनचे व्यवस्थापकीय संचालक गिल्बर्ट स्मिथ यांना सरळ सांगितले की तुमची फ्रेम चुकीची आहे आणि मी याहून चांगली करून देऊ शकतो. बाहेरच्या, पदवी नसलेल्या माणसाकडून हे ऐकून घेणे कारखान्यातल्या अभियंत्यांना जड गेले असणार. पण आर्टी बेल तेव्हा नॉर्टनचेच चालक होते आणि मॅकँडलेस यांचे काम त्यांनी जवळून पाहिले होते. स्मिथ यांनी संधी दिली.

आइल ऑफ मॅनवर हिवाळ्यात झालेल्या चाचणीत बेल यांना नवी फ्रेम मिळाली आणि तरुण जेफ ड्यूक यांना जुनी. इंजिने सारखीच. डोंगरावरून उतरणाऱ्या रस्त्यावर केट्स कॉटेज या घराजवळ कंपनीची माणसे थांबली. जुनी गाडी उड्या मारत, हेलकावे घेत आली. नवी गाडी जणू रुळावरून यावी तशी गेली. त्यानंतर पॅरिसजवळच्या मॉन्तलेरी येथील वर्तुळाकार मार्गावर दोन दिवस चालक आळीपाळीने तिच्यावर बसले आणि तिला पूर्ण वेगाने पळवले. फ्रेमला तडा गेला नाही.

फेदरबेड फ्रेममध्ये वेगळे काय होते?

हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडे थांबून पाहावे लागेल.

मॅकँडलेस यांनी खोबण्या आणि झाळकाम टाकून दिले. प्रत्येक बाजूला एक सलग नळी घेतली. ही नळी हँडलच्या नळीपासून निघते, टाकीखालून मागे जाते, गिअरबॉक्सच्या मागून खाली वळते, इंजिनच्या खालून पुढे येते आणि पुन्हा वर चढून हँडलच्या नळीला मिळते. अशा दोन बाजूंचे दोन पूर्ण वेढे, मध्ये आडव्या नळ्यांनी जोडलेले. इंजिन या पाळण्यात बसते. युक्ती आहे ती पुढच्या जोडात. इंजिनच्या पुढून वर येणाऱ्या नळ्या हँडलच्या नळीच्या वरच्या टोकाला मिळतात आणि टाकीखालून येणाऱ्या नळ्या खालच्या टोकाला. म्हणजे तिथे नळ्यांची कैची होते. त्रिकोणाचा आकार बाजू तुटल्याशिवाय बदलत नाही, हे भूमितीत शिकवतात. छपराच्या कैच्या त्यावरच उभ्या असतात. फ्रेमवर सर्वात जास्त पीळ येतो तो हँडलच्या नळीजवळ, आणि नेमका तिथेच हा त्रिकोण होता.

दुसरी गोष्ट नळीची. नळी ताठ करायची तर ती जाड पत्र्याची घ्यावी, असे सहज वाटते. प्रत्यक्षात पातळ नळीचा पिळाला होणारा विरोध पत्र्याच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो, पण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. साधे गणित पाहू. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीऐवजी सव्वा इंची, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटरची नळी घेतली आणि पत्रा तोच ठेवला, तर वजन साधारण सव्वा पट होते, पण पिळाला विरोध दुप्पट. उलट २५ मिलिमीटरच्या नळीचा पत्राच दुप्पट जाड केला तर विरोध जवळपास दुप्पट होईल खरा, पण वजनही तेवढेच वाढेल. फेदरबेडला सव्वा इंची नळी वापरली होती, रेनॉल्ड्स ५३१ या मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची. युद्धकाळातल्या विमानांत असे पोलाद वापरले जाई.

तिसरी गोष्ट जोडाची. अशा पातळ, मजबूत नळ्या नेहमीच्या वेल्डिंगने फार तापवल्या तर जोडाशेजारचे पोलाद ठिसूळ होते आणि तडा तिथेच जातो. म्हणून ब्राँझच्या काडीने कमी तापमानावर वेल्डिंग केले गेले. नॉर्टनच्या कारखान्यात अशा कामाची सोय नव्हती. त्यामुळे फ्रेम रेनॉल्ड्स कंपनीतच बनू लागल्या आणि त्यासाठी नळ्या अचूक जागी धरून ठेवणारे जिग मॅकँडलेस यांच्या नमुन्यावरून आले.

नाव पडले ते चालकाच्या तोंडून. नॉर्टनचे ज्येष्ठ चालक हॅरल्ड डॅनियल यांना जुन्या फ्रेमच्या मानाने ही गाडी पिसांच्या गादीवर बसल्यासारखी वाटली आणि तेच नाव कायमचे चिकटले.

१९५० चे वर्ष

एप्रिल १९५० मध्ये इंग्लंडमधल्या ब्लँडफर्ड येथे ही फ्रेम पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि ड्यूक जिंकले. जूनमध्ये आइल ऑफ मॅनवर ३५० सीसीच्या ज्युनिअर टीटीत बेल पहिले, ड्यूक दुसरे, डॅनियल तिसरे. ५०० सीसीच्या सीनिअर टीटीत ड्यूक पहिले, बेल दुसरे, जॉनी लॉकेट तिसरे. दोन्ही शर्यतींत पहिल्या तिन्ही जागा नॉर्टनच्या. ड्यूक यांची सरासरी ताशी ९२ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटर. तीही गावातून, घाटातून आणि एक सिलिंडरच्या इंजिनावर.

मात्र हे वर्ष मॅकँडलेस यांच्यासाठी निखळ आनंदाचे नव्हते. बेल्जियमच्या स्पा येथील शर्यतीत पुढच्या चालकांच्या गोंधळात सापडून आर्टी बेल यांना भीषण अपघात झाला. हात कायमचा निकामी होण्याइतकी दुखापत झाली आणि त्यांची शर्यत तिथेच संपली. ज्या मित्राच्या भरवशावर फ्रेम नॉर्टनपर्यंत पोहोचली, ज्याने ती पहिल्यांदा पळवून दाखवली, तो अवघ्या एका मोसमात बाहेर फेकला गेला. अपघात फ्रेममुळे झाला नव्हता. पण फ्रेम कितीही ताठ असली तरी शर्यतीतला धोका ती संपवू शकत नाही, हे इतक्या लवकर आणि इतक्या जवळच्या माणसाच्या बाबतीत समोर आले.

त्याच मोसमात आणखी एक धडा मिळाला. फ्रेम इतकी चांगली निघाली की टायर कमी पडू लागले. वळणावर आता पूर्वीपेक्षा बराच जास्त वेग ठेवता येत होता, तो जोर टायरवर येत होता आणि स्पा व नेदरलँड्समधल्या आसेन येथे नॉर्टनच्या टायरचे थर सुटले. ड्यूक यांचे ५०० सीसीचे जागतिक विजेतेपद अवघ्या एका गुणाने हुकले. ते गिलेराच्या उंबेर्तो मासेत्ती यांच्याकडे गेले. कोणत्याही यंत्रात एक दुवा मजबूत केला की ताण पुढच्या दुव्यावर जातो. पुढच्या वर्षी, १९५१ मध्ये, टायरचा प्रश्न सुटला होता आणि ड्यूक ३५० व ५०० सीसी अशा दोन्ही गटांत जगज्जेते झाले.

इंजिनाची ताकद मात्र अखेर भारी पडलीच. १९५३ मध्ये ड्यूक गिलेराकडे गेले. त्यांच्या आग्रहावरून गिलेराने आपली फ्रेम बदलली, ती नॉर्टनच्या वळणावर. जास्त ताकद आणि चांगली फ्रेम एकत्र आल्यावर ड्यूक यांनी १९५३, १९५४ आणि १९५५ अशी सलग तीन वर्षे ५०० सीसीचे जागतिक विजेतेपद मिळवले. नॉर्टननेही बीआरएमच्या मदतीने चार सिलिंडरच्या इंजिनावर काम सुरू केले होते, पण ते शर्यतीपर्यंत पोहोचलेच नाही. मॅकँडलेस यांनी कंपनीसाठी आणखी एक विलक्षण गाडी बांधली. तिच्यात चालक बसत नसे, गुडघ्यांवर टेकून पुढे झुकत असे, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी. नोव्हेंबर १९५३ मध्ये रे अॅम यांनी मॉन्तलेरीला तिच्यावर एका तासात १३३ मैलांहून जास्त अंतर कापून विक्रम केला. १९५४ च्या अखेरीस नॉर्टनने कारखान्याचा शर्यत चमू बंद केला.

हीच फ्रेम मात्र रस्त्यावरच्या नॉर्टन डॉमिनेटर गाड्यांना मिळाली आणि १९७० पर्यंत या ना त्या रूपात बनत राहिली. इंग्लंडच्या तरुणांनी तिच्यात ट्रायम्फचे इंजिन बसवून ट्रायटन नावाचा संकरच जन्माला घातला. इंजिन एकाचे आणि फ्रेम दुसऱ्याची चालेल, पण फ्रेम नॉर्टनचीच हवी, हा त्यातला हिशेब. २०२० मध्ये ही नॉर्टन कंपनी टीव्हीएस मोटरने विकत घेतली. म्हणजे फेदरबेडचा वारसा आता भारतीय मालकीचा आहे.

मग जुनी बुलेट ताठ करायची तर?

आपल्याकडच्या जुन्या बुलेटची रचना फेदरबेडहून वेगळी आहे. तिच्या पुढची एकच नळी खाली येऊन इंजिनाशी थांबते आणि मागचा सांगाडा इंजिनाच्या मागून सुरू होतो. म्हणजे मधला भाग इंजिनच पूर्ण करते. त्यामुळे या गाडीत इंजिनचे नटबोल्ट म्हणजे फ्रेमचे जोड होत. भोके घासून मोठी झालेली असतील, पट्ट्या पातळ किंवा वाकलेल्या असतील, तर महागड्या वेल्डिंगचा काडीचाही उपयोग नाही. जाणता मिस्त्री सुरुवात तिथूनच करतो : भोके नीट करून घट्ट बसणारे बोल्ट घालायचे, चिमट्याचे बुश बदलायचे, कोनसेटमध्ये गोळ्यांऐवजी टेपर रोलर बेअरिंग बसवायचे. मग मागच्या टायरला दोरी टेकवून ती पुढपर्यंत ताणायची आणि दोन्ही चाके एका रेषेत आहेत का पाहायचे. पुष्कळ गाड्यांचे डुलणे एवढ्यावरच थांबते. पूर्वी कधीतरी धडकून आउट झालेली फ्रेम तशीच ठेवून तिच्यावर जोडकाम करणे म्हणजे वाकडेपणा पक्का करणे.

त्यानंतर शर्यतीच्या कामाला हात घालता येतो. हँडलच्या नळीजवळ, जिथे वरची आणि पुढची नळी मिळते, तिथे त्रिकोणी पट्टी किंवा आडवी नळी देतात. चिमट्याच्या दोन बाहूंना खालून किंवा वरून कैची देतात. दोन्हींमागे मॅकँडलेस यांचाच विचार आहे : चौकोन दिसेल तिथे त्रिकोण करा. पण पट्टी जिथे संपते तिथे नळी एकदम मऊ पडते आणि तडा बरोबर त्या टोकाला जातो. म्हणून पट्टीचे टोक निमुळते ठेवतात, नळीवर आडवा टाका मारत नाहीत. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्रेम ओढली जाते, त्यामुळे काम जिगवर किंवा निदान जड सपाट पाट्यावर आवळून, थोडे या बाजूला थोडे त्या बाजूला असे करावे लागते. घाईत एकाच बाजूने टाके मारलेली फ्रेम ताठ होते खरी, पण तिरकी.

किती ताठ करायची, यालाही मर्यादा आहे. गाडी वळणात कलंडलेली असते तेव्हा रस्त्याचे धक्के सस्पेन्शनच्या दिशेने येत नाहीत, आडवे येतात. त्या वेळी फ्रेमने किंचित दबून ते पचवावे लागतात. म्हणून आजच्या शर्यतीच्या गाड्यांत फ्रेम पिळाला ताठ, पण ठरावीक जागी आडवी किंचित लवणारी अशी मुद्दाम ठेवतात. मॅकँडलेस यांच्या काळात हा प्रश्न नव्हता. तेव्हाचे टायर अरुंद होते आणि फ्रेम सगळीकडूनच लवत होती. शंकरपटाचा छकडा पाहिला तरी हा तोल कळतो. तो हलका हवा, चाक सरळ धावायला हवे, पण धक्क्याला थोडा दबला नाही तर हाकणारा उडून पडेल.

रॉयल एनफिल्डनेही पुढे याच वाटेने जाऊन हॅरिस परफॉर्मन्स या ब्रिटिश फ्रेम-तज्ज्ञ कंपनीची मदत घेतली. २०१३ च्या कॉन्टिनेन्टल जीटीला दुहेरी पाळण्याची फ्रेम दिली आणि २०१५ मध्ये ती कंपनीच विकत घेतली.

कायद्याचा भाग थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या वाहनात उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले. एमएच-२७ असो वा एमएच-३०, फ्रेम कापून-जोडून बदललेली गाडी रस्त्यावर चालवणे अडचणीचे आहे. चेसिस क्रमांक फ्रेमवरच कोरलेला असतो, तो पुसला गेला तर अडचण आणखी वाढते. असे काम बंद मार्गावर धावणाऱ्या गाडीसाठीच करावे.

नॉर्टननंतर

नॉर्टन सोडल्यावर मॅकँडलेस मोटारसायकलींकडे फारसे वळले नाहीत. त्यांचेच परगणेवाले हॅरी फर्ग्युसन यांच्यासोबत त्यांनी चारही चाकांना इंजिनाचा जोर देणाऱ्या वाहनांवर काही काळ काम केले. हे फर्ग्युसन म्हणजे ज्यांचे नाव मॅसी फर्ग्युसनच्या रूपाने वऱ्हाडातल्या शेतापर्यंत आले तेच. नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडण्याची पद्धत त्यांचीच. दोघेही शिक्षणापेक्षा हातावर विसंबणारे आणि दोघेही हट्टी. ही साथ फार काळ टिकली नाही.

१९६० च्या दशकात मॅकँडलेस यांनी एकट्याने बसण्याचे छोटे जायरोप्लेन बांधले. डोक्यावर मोकळा फिरणारा पंखा, मागे ढकलणारे छोटे इंजिन आणि मध्ये नळ्यांचा सांगाडा. त्याचे हक्क पुढे उत्तर आयर्लंडमधल्याच एकिन या कंपनीने घेतले आणि एअरबगी नावाने काही विमाने बनवली. पन्नाशीकडे झुकलेला माणूस स्वतः वेल्डिंग केलेल्या नळ्यांवर बसून हवेत जात होता. आर्टी बेल १९७२ मध्ये गेले. मॅकँडलेस त्यानंतर वीस वर्षे जगले आणि १९९२ मध्ये, वयाच्या ७७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत जुन्या मोटारसायकलींच्या शर्यती युरोपात रुळल्या होत्या आणि त्यांत धावणाऱ्या मँक्स नॉर्टनखाली त्यांनीच आखलेल्या नळ्या होत्या.